दवाखाना सोडल्याचा दाखला

आपण डॉक्टर बदलतो तेव्हा त्याची चर्चा घरात, शेजारी, बसथांब्यावर सगळीकडे होते. "त्यांच्या औषधाने गुण आला नाही", "फार वेळ बसवून ठेवतात", "हल्ली फी वाढवली" अशी कारणं आपण मोकळेपणाने सांगतो. पण डॉक्टरच पेशंटला सोडतात तेव्हा मात्र तो पेशंट गप्प बसतो. घरमालकाने जागा रिकामी करायला सांगितली तर माणूस दहा जणांना सांगेल. डॉक्टरांनी "यापुढे माझ्याकडे येऊ नका" म्हटलं तर घरातसुद्धा हळू आवाजात सांगेल. जणू आपल्यातच काही खोट निघाली.

या गप्प बसण्यानेच जास्त नुकसान होतं असं माझं मत आहे. ते जरा सविस्तर मांडावं म्हणून आज लिहायला बसले. नातेवाइकांपैकी काहींना यातली हकीगत माहीत आहे, तरी त्यांनीही वाचावं, कारण त्यावेळी मला सर्वात जास्त सल्ले त्यांनीच दिले होते!

माझ्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. त्यामुळे रक्तात गुठळी होऊन ती मेंदूपर्यंत जाऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी अकरा वर्षं चालू आहे. ही गोळी घेणाऱ्यांना माहीत असेल, हिचं गणित नाजूक असतं. ठरावीक दिवसांनी आयएनआर नावाची रक्ततपासणी करायची आणि माझ्यासारख्यांनी तो आकडा २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. एरवी नसते तेवढी मेथी-पालक एकदम सुरू केली की आकडा खाली येतो, एखादं अँटिबायोटिक घ्यावं लागलं की वर जाऊ शकतो. मग अर्धी गोळी वाढव, पाव गोळी कमी कर, असं चालतं. थोडक्यात, या गोळीबरोबर डॉक्टरही लागतोच.

मागच्या पावसाळ्यात लेकीकडे पुण्याला गेले होते. तिच्या आग्रहावरून तिथल्या एका हृदयरोगतज्ज्ञांना दाखवलं. ते म्हणाले, आता वारंवार रक्त तपासावं लागत नाही अशाही गोळ्या मिळतात, त्या तुम्हाला चालतील का हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. तसं चिठ्ठीवर लिहून दिलं. साताऱ्याला परत आल्यावर मी ती चिठ्ठी सरळ आमच्या डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "बाई, आता तुम्ही तिकडेच दाखवत जा. एका पेशंटला दोन डॉक्टर चालत नाहीत."

मला वाटलं, रागाने बोलले असतील, उतरेल राग. पण बाहेर आले तर काउंटरवरच्या मुलीने पुढची तारीखच दिली नाही. "सरांनी नको म्हणून सांगितलंय," एवढंच म्हणाली आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. माझी पुढची रक्ततपासणी नऊ दिवसांवर आली होती.

वाईट वाटलं का? खूप वाटलं. आपल्याकडे 'हातगुण' नावाचा एक शब्द आहे. औषध तेच, गोळी तीच, पण अमुक डॉक्टरांच्या हातून घेतली की बरं वाटतं, अशी आपली श्रद्धा असते. अकरा वर्षांत ती श्रद्धा जमलेली होती. माझे यजमान गेले तेव्हा हेच डॉक्टर घरी येऊन तास-दीड तास बसले होते. म्हणून नुसती तपासणीची तारीख गेली असं वाटलं नाही, घरातलंच कोणी रुसून गेल्यासारखं वाटलं. असो.

मग सल्ले सुरू झाले.

आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "पेढे घेऊन जा आणि माफी मागून ये. डॉक्टर आणि भटजी, यांच्याशी वाकडं घेऊ नये." भाचा म्हणाला, "मावशी, सरळ तक्रार ठोक. मी ड्राफ्ट करून देतो." आणि आणखी एका नातेवाइकाने (नाव लिहीत नाही, ते वाचतात) सगळ्यात सोपा मार्ग सांगितला. "गोळी माहीत आहे, डोस माहीत आहे. मेडिकलवाला ओळखीचा आहे. घेत राहा. कशाला हवाय डॉक्टर?"

तिन्ही सल्ले प्रेमापोटीच होते. पण मला वाटतं, अशा वेळी माणूस या तीन वाटांपैकीच एखादी धरतो, आणि तिन्ही चुकीच्या आहेत.

माफी मागायची तर कशाची? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा गुन्हा नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची जी सनद तयार केली तिच्यात दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. समजा, पेढे देऊन डॉक्टरांनी मला परत घेतलं असतं, तर पुढच्या वेळी मी त्यांना मोकळेपणाने काही सांगू शकले असते का? चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यात रोग्याच्या अंगीही चार गुण हवेत असं म्हटलं आहे. त्याला स्मरण असावं, त्याने सांगितलेलं ऐकावं, तो भित्रा नसावा आणि आपलं दुखणं त्याला नीट सांगता यावं. माफी मागून परत गेलेला पेशंट यातला दुसरा गुण कसाबसा सांभाळेल, पण तिसरा आणि चौथा गमावून बसेल. डॉक्टर रागावतील म्हणून लक्षणं लपवणारी माणसं मी पाहिली आहेत. तशी व्हायची माझी तयारी नव्हती.

तक्रारीचं म्हणाल, तर तिची वेळ असते. त्याबद्दल पुढे लिहितेच. पण त्या नऊ दिवसांत मला न्याय नको होता, माझ्या गोळीचा डोस पाहणारा माणूस हवा होता. घराला आग लागली असताना आधी पाणी, मग पंचनामा.

आणि तिसरी वाट, म्हणजे जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या घेत राहण्याची. ती सगळ्यात घातक, आणि दुर्दैवाने आपल्या माणसांची सगळ्यात आवडती! रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं तीच चालू. मेडिकलवाला देतो, आपण घेतो. शरीर बदलत असतं, वय वाढत असतं, मूत्रपिंडं थकत असतात, पण डोस तोच. डॉक्टरांनी सोडल्याची लाज वाटून माणूस नवीन दवाखान्यात जायचं टाळतो, आणि या टाळण्यातच सहा महिने, वर्ष निघून जातं.

मग मी काय केलं? माझी पाटी आहे शाळेची. चौतीस वर्षं मराठी शिकवलं. जून महिन्यात शाळेत दाखल्यांची गर्दी असायची, तेव्हा लेखनिकांच्या मदतीला आम्ही शिक्षकही दाखले लिहायला बसायचो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलाचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण आणि शेवटी शेरा असतो. मूल गुणी असो की वांड, बाप फी भरणारा असो की भांडकुदळ, मुलाने शाळा सोडली की त्याला दाखला द्यायचा असतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तर म्हटलं आहे की मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यावा, आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेने प्रवेश नाकारू नये. कारण शाळा बदलली तरी मुलाचं शिक्षण तुटता कामा नये.

माझ्या मनात आलं, मलाही दाखलाच हवा आहे. दवाखाना सोडल्याचा दाखला!

मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. ते जवळजवळ जसंच्या तसं देते, कोणाला उपयोगी पडलं तर पडेल.

"आदरणीय डॉक्टरसाहेब, यापुढे दुसरीकडे दाखवावे असे आपण मला आज सांगितलेत. आपला निर्णय मला मान्य आहे. माझी पुढील रक्ततपासणी नऊ दिवसांवर आहे. तरी कृपया तीन गोष्टी द्याव्यात. एक, माझ्या आजाराचा आणि सध्याच्या सर्व औषधांचा डोससह सारांश. दोन, मागील वर्षाचे आयएनआरचे आकडे व आपल्याकडे असलेल्या इतर तपासण्यांच्या प्रती. तीन, नवीन डॉक्टर मिळेपर्यंत पंधरा दिवस काही अडचण आल्यास आपले मार्गदर्शन. आजवर केलेल्या उपचारांबद्दल आभारी आहे."

एवढंच. कारण विचारलं नाही. दाखल्यावरचा 'कारण' हा रकाना मी हजार वेळा भरला असेल. त्यात खरं कारण किती वेळा लिहिलं? बहुतेक वेळा 'पालकांच्या विनंतीवरून'. वडिलांची बदली असो, शिक्षकांशी भांडण असो, गावातली भाऊबंदकी असो, रकान्यात तेच दोन शब्द. तेव्हा डॉक्टरांकडून कारण वदवून घेण्यात मला रस नव्हता. खरं कारण मिळालं नसतं आणि मिळालं असतं तरी त्याने माझा आयएनआर सुधारला नसता.

पत्राची एक प्रत करून तिच्यावर काउंटरवरच्या मुलीची सही आणि तारीख घेतली. (तिने आधी नाही म्हटलं, मग "आजी, कुठे करू?" विचारून केली.) तिसऱ्या दिवशी पाकीट आलं. आत छापील कागदावर आजाराचा सारांश, गोळ्यांची नावं, वर्षभराचे आकडे, आणि खाली पेनाने लिहिलेला दवाखान्याचा फोन नंबर. बाकी एक अक्षर नाही. पण माझं काम झालं. ते पाकीट घेऊन मी गावातल्याच दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, आणि वेळेवर तपासणी झाली. नवीन डॉक्टरांनी पाच मिनिटं तो कागद वाचला आणि म्हणाले, "हे फार छान आणलंत." ती गोळी बदलायची की नाही यावर त्यांनी मूत्रपिंडाची तपासणी करून मग विचार करू असं सांगितलं. परस्पर बदलायची नाही, हेही बजावलं.

आता कायद्याचं. मी काही वकील नाही, पण या निमित्ताने वाचलं ते सांगते. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवीन नियम जाहीर केले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि पुन्हा २००२ चेच लागू झाले. या नियमांत दोन्ही बाजू आहेत. कोणावर उपचार करायचे हे ठरवायला डॉक्टर मोकळा आहे. पण तातडीची वेळ असेल तर त्याने मदतीला आलंच पाहिजे. आणि एकदा पेशंट हाती घेतला की त्याची हेळसांड करायची नाही, त्याला व घरच्यांना पुरेशी सूचना दिल्याशिवाय मध्येच सोडायचं नाही. पेशंटने आपली कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यायची. मात्र रेकॉर्ड तीन वर्षं जपून ठेवायचा जो नियम आहे, तो दवाखान्यात दाखल झालेल्या पेशंटसाठी आहे. आपल्यासारख्या येऊन-जाऊन असणाऱ्यांनी स्वतःचे कागद स्वतःच जपावेत हे बरं.

म्हणजे पाहा, सोडण्याचा हक्क डॉक्टरांना आहे. वाऱ्यावर सोडण्याचा नाही. माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत येतं.

पहिलं वाक्य आपण मान्य करायला हवं. डॉक्टरही माणूस आहे. डॉक्टरांवर आणि दवाखान्यांवर हल्ले होतात म्हणून महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, ही आपल्याला शोभा देणारी गोष्ट नाही. शिवीगाळ करणाऱ्या, रात्री-अपरात्री धमकावणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी "दुसरीकडे जा" म्हटलं तर त्यात गैर काय? आणि ज्याचं मन आपल्यावरून उडालं आहे त्याच्याकडून ओढून-ताणून औषध घेण्यात आपलं तरी काय हित आहे? माझे डॉक्टर माझ्यावर का रुसले हे मला पटलेलं नाही, आजही नाही. पण रुसलेल्या माणसाच्या हातात माझ्या रक्ताचं गणित नको, हे मला तेव्हाच पटलं.

दुसरं वाक्य डॉक्टरांनी मान्य करायला हवं. सूचना नाही, कागद नाही, आणि टाके अजून ओले आहेत किंवा केमोथेरपीचा पुढचा डोस चार दिवसांवर आहे, अशा वेळी पेशंटला दार दाखवलं तर तो नुसता रुसवा राहत नाही. तिथे तक्रार करावी, आणि जरूर करावी. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं आहे. तेव्हा नुकसान झालं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, साधारण दोन वर्षांच्या आत. भाच्याला मी हेच सांगितलं. "तुझा ड्राफ्ट ठेव जपून. पाकीट आलं नसतं तर तोच पाठवला असता." अपमान झाला म्हणून तक्रार करू नये, इजा झाली किंवा होण्याची वेळ आणली तर करावी. या दोहोंत फरक करता आला पाहिजे. रागाच्या भरात तो करता येत नाही, म्हणून आधी पत्र.

माझ्या या म्हणण्यात एक उणीव आहे, ती मीच सांगते. साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी एक डॉक्टर गेला तर दुसरा मिळतो. जावळी-पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून दोन गाड्या बदलून येणाऱ्या म्हातारीला "दुसरीकडे दाखव" म्हणणं म्हणजे काय? तिच्या लेखी दुसरीकडे असं काही नसतंच. तिला पत्र लिहिता येत नाही, प्रतीवर सही मागायची छाती होत नाही. म्हणून मला वाटतं, जिथे डॉक्टर कमी तिथे डॉक्टरांची जबाबदारी जास्त. अशा पेशंटला सोडायचंच असेल तर न मागता चिठ्ठी द्यावी, कोणाकडे जायचं ते नावानिशी सांगावं, जमलं तर त्या डॉक्टरांना एक फोन करावा. आणि आपल्यासारख्या लिहिता-वाचता येणाऱ्यांनी शेजारच्या, कामाला येणाऱ्या बाईच्या, गावाकडच्या माणसाच्या वतीने चार ओळी लिहून द्याव्यात. निवृत्त मास्तरांना तेवढा उद्योग बरा!

आणखी एक. डॉक्टर रागावूनच सोडतात असं नाही. ते निवृत्त होतात, आजारी पडतात, मुलाकडे परदेशी जातात, दवाखाना विकतात. एखाद्या सोमवारी आपण जातो तर शटर खाली असतं. त्यावेळी पत्र कोणाला लिहिणार? तेव्हा माझी सगळ्या वाचणाऱ्यांना, विशेषतः घरात म्हातारी माणसं असणाऱ्या भाचे-पुतण्यांना विनंती आहे. दाखला मागायला भांडणाची वाट पाहू नका. वर्षातून एकदा, डॉक्टरांशी गोडीत असतानाच, आजाराचा आणि औषधांचा एक पानाचा सारांश लिहून मागा. तारीख आणि सही घ्या. एक प्रत घरात, एक मोबाइलमध्ये फोटो काढून, एक लेकीकडे किंवा लेकाकडे.

नवीन डॉक्टरांकडे मी ते पान गेल्या महिन्यात मागितलं. ते हसले आणि म्हणाले, "बाई, मला सोडून चाललात की काय?"

मी म्हटलं, "नाही हो. पण दाखला तयार असलेला बरा."